देवऋषीला पश्चात्ताप का होत नाही?

पडद्यावर सध्या एका मांत्रिकाची चलती आहे. दाढी वाढलेली, बाटली जवळ केलेली, मंत्रतंत्र सोडून दिलेले. कधीकाळी त्याच्या हातून एक पोर दगावली आणि त्याने झोळी खुंटीला टांगली. मग कुणाच्या तरी घरात पिशाच्च शिरते, घरचे पाय धरतात, आणि हा नाही नाही म्हणत झोळी उतरवतो. 1973 च्या ‘द एक्झॉर्सिस्ट’मधला आईच्या मरणाचा सल बाळगणारा फादर कॅरस हा या घराण्याचा मूळपुरुष. या मांत्रिकाचे दुःख पाहून प्रेक्षक हळहळतात. मला मात्र एवढेच विचारायचे आहे, की त्याला पश्चात्ताप नेमका कशाचा होतो? मंत्र कमी पडला याचा. पोर आजारी होती आणि आपण तिला पिशाच्च समजून मारत राहिलो, हे त्याच्या मनाला शिवतही नाही. म्हणून परतून आल्यावर भूत हरले की त्याचे पाप फिटते. असला पश्चात्ताप फार सोयीचा असतो.

याच सोयीची विद्वान आवृत्ती अलीकडे परिसंवादांतून ऐकू येते. देवऋषी हा गावचा मानसोपचारतज्ज्ञच होता, शहरी विवेकवाद्यांनी त्याला गुन्हेगार ठरवले, कायदा आणून एक जिवंत लोकविद्या मारली, असे हे मत आहे. सिनेमा देवऋषीला नायक करतो, परिसंवाद डॉक्टर करतो. मार खाणारी बाई दोन्हींकडे नेपथ्यापुरती.

मोघम बोलण्यापेक्षा एका गावापाशी उभे राहून बोलू. बारामती तालुक्यातले कन्हेरी महाराष्ट्राला ठाऊक आहे ते तिथल्या मारुतीमुळे. पवार कुटुंबाच्या निवडणूक प्रचाराचा नारळ वर्षानुवर्षे याच मारुतीपुढे फुटत आला. आता मारुती हा खरे तर आपल्याकडचा पहिला भूतनिवारक. शनिवारचे तेल, रुईच्या पानांची माळ, वेशीवर त्याचे ठाणे. गावात काही बाहेरचे शिरू नये हीच त्याची नेमणूक. त्याच्यापुढे नारळ फोडून सत्तेवर जाणाऱ्यांचा पक्ष 1999 ते 2014 राज्याच्या सत्तेत वाटेकरी होता, आणि त्याच काळात जादूटोणाविरोधी विधेयक अधिवेशनांमागून अधिवेशने अडकून पडले होते. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि अवघ्या काही दिवसांत वटहुकूम निघाला. डिसेंबरात त्याचा कायदा झाला. श्रद्धेला धक्का लागेल ही जी भीती इतकी वर्षे घातली जात होती, ती किती पोकळ होती ते कायदा वाचला की कळते. मारुतीला, नारळाला, वारीला, कीर्तनाला त्याने हातही लावलेला नाही.

हात लावला आहे तो कशाला, हे परिसंवादवाल्यांनी एकदा अनुसूची उघडून पाहावे. तिच्यातली पहिलीच नोंद भूत उतरवण्याबद्दल आहे. दोराने किंवा साखळीने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे, पादत्राण भिजवलेले पाणी पाजणे, मिरचीची धुरी देणे, छताला टांगणे. ही यादी कुणा शहरी माणसाच्या कल्पनेतून उतरलेली नाही. गावोगावी हे घडत आले म्हणून ती लिहावी लागली. याला लोकविद्या म्हणायचे असेल तर पोलीस कोठडीतल्या पट्ट्यालाही लोकविद्या म्हणावे लागेल.

तरी मूळ प्रश्न उरतोच. हे करणाऱ्या माणसाला रात्री झोप कशी लागते? तो दुष्टच असतो असे मानणे सोपे आहे, पण खरे नाही. उत्तर त्याच्या विद्येच्या रचनेतच आहे. गुण आला तर देवऋषीचा हात चांगला. नाही आला तर पथ्य मोडले, उतारा कुणीतरी ओलांडला, विटाळ झाला, करणी करणारा जबर होता, घरच्यांचाच भाव कच्चा. अपयश येईल तेवढे जिरवायला कारणे आधीच तयार ठेवलेली असतात आणि त्यांतले एकही देवऋषीपर्यंत पोचत नाही. सुदानातल्या अझांदे लोकांविषयी ई. ई. इव्हान्स-प्रिचर्ड यांनी 1937 मध्ये हेच दाखवून दिले: कौल खोटा ठरला तर कौलावरचा विश्वास ढळत नाही, त्या खोटेपणाचेही कारण त्याच विश्वासातून काढले जाते. जिथे चूक आपली असूच शकत नाही तिथे पश्चात्तापाला जागा कुठून येणार? अपराधाने खंगलेला मांत्रिक आपल्याला सिनेमात भेटतो आणि गावात भेटत नाही, त्याचे कारण हे आहे.

इथेच थांबता आले असते. पण क्वेसालिद आडवा येतो, आणि त्याला टाळून हा विषय संपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्वाकिउट्ल समाजातला हा माणूस. त्याची कहाणी फ्रान्झ बोआस यांनी 1930 मध्ये छापली आणि 1949 मध्ये क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी मांत्रिकावरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ती मध्यभागी ठेवली. क्वेसालिदचा मांत्रिकांवर काडीचा विश्वास नव्हता. त्यांची लबाडी उघडी पाडायची म्हणूनच तो त्यांच्यात शिरला. त्याला सगळे शिकवण्यात आले: मूर्च्छेचे सोंग, ओकारी काढण्याची युक्ती, आणि लोकांच्या खासगी गोष्टी चोरून ऐकून मांत्रिकाला पुरवणारे खबरे. आपल्या बुवांचे खबरे ज्यांना माहीत आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. सर्वांत मोठी युक्ती पिसाची. तोंडाच्या कोपऱ्यात पिसाचा गोळा दडवायचा, जीभ चावून तो रक्ताने माखायचा, आणि रोग्याच्या अंगातून चोखून काढलेला आजार म्हणून सगळ्यांसमोर थुंकायचा. एवढे कळल्यावर भांडाफोड करून मोकळे व्हायचे. पण तेवढ्यात एका आजाऱ्याला स्वप्नात क्वेसालिदच आपल्याला बरे करताना दिसला, घरच्यांनी त्याला बोलावून नेले, आणि रोगी बरा झाला. पुढे शेजारच्या टोळीत त्याला असे मांत्रिक भेटले, की जे हातावर नुसती थुंकी दाखवून हाच तुमचा रोग म्हणत. त्यांच्या हातून गुण न आलेली बाई क्वेसालिदच्या रक्ताळलेल्या पिसाने बरी झाली. ते मांत्रिक खजील होऊन त्याच्याकडे गुपित मागू लागले. लबाडी उघडी पाडायला निघालेला माणूस अधिक सरस लबाडीचा धनी झाला. पुढे तो नावाजलेला मांत्रिक म्हणूनच वावरला. आयुष्यभरात एकच मांत्रिक आपल्याला खरा वाटला, असे तो सांगतो, कारण तो माणूस बऱ्या झालेल्यांकडून पैसे घेत नसे आणि कधी हसत नसे.

लेव्ही-स्ट्रॉस यांचा निष्कर्ष असा, की रोगी बरे केले म्हणून क्वेसालिद थोर झाला नाही. समाजाने त्याला थोर मानले म्हणून रोगी बरे झाले. हे वाक्य परिसंवादवाले मोठ्या आनंदाने वापरतात. पण त्याची दुसरी बाजू अशी, की मग गुण मंत्रातही नाही आणि माराच्या फोकातही नाही. तो जमलेल्या माणसांच्या एकमताने येतो. चाबूक काढून घेतला तरी एकमत राहते. मग चाबूक कशासाठी?

मात्र मांत्रिकाने परतूच नये हे माझे मतही क्वेसालिदने डळमळीत केले, तेही सांगायला हवे. गुण जमलेल्यांच्या एकमतातून येत असेल, तर ते जमून काय ऐकतात हेही पाहायला हवे. आपल्याकडे लागीर झालेली बाई बोलते तेव्हा काय बोलते? सासूने काय केले, नवऱ्याने कुणाला घरात आणले, कोणते मूल मेले आणि कुणी डॉक्टरकडे न्यायला उशीर केला. स्वतःच्या तोंडाने जे बोलली असती तर थोबाडीत बसली असती, ते भुताच्या तोंडाने बोलले की आख्खी वाडी ऐकते. आय. एम. लुईस यांनी 1971 मध्ये अंगात येण्याकडे दुर्बळांची तक्रार म्हणून पाहिले, ते इथे तंतोतंत लागू पडते. देवऋषी भुताला ‘कोण आहेस, काय पाहिजे’ विचारतो तेव्हा त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी त्या बाईला प्रश्न विचारलेला असतो. उत्तर मिळाल्यावर तो तिलाच फोडून काढतो, हा त्याचा गुन्हा. पण विचारणारा तो एकटाच होता, हेही तितकेच खरे. त्याला तुरुंगात टाकून ती विचारपूस कोण करणार, याचे उत्तर कायद्यात नाही आणि आम्हा विवेकवाद्यांपाशीही फारसे नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक मानसिक आजारांत दहापैकी सात ते नऊ रुग्ण उपचारांबाहेर आढळले. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालये चार, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. बाईला लागीर होते ते खेड्यातल्या घरात.

म्हणून मांत्रिकाने परत यावे का, या प्रश्नाला आता माझे उत्तर सरसकट नकाराचे नाही. ते परतण्याच्या रीतीवर आहे. गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात मुजावरांनी दुआ सुरू ठेवून माणसांना तिथेच मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे, असा प्रयोग 2008 च्या सुमारास सुरू झाला. दुआ बंद झाली नाही, गोळीही सुरू झाली. यावर कट्टर विवेकवादी म्हणतील, ही अंधश्रद्धेला दिलेली सरकारी मान्यता झाली. हा आक्षेप हलका नाही. दर्ग्याच्या आवारात डॉक्टर बसला की दर्ग्याचाही मान वाढतोच. पण उलट बाजूला तमिळनाडूतले एरवाडी आहे. तिथे दर्ग्याजवळच्या खासगी आश्रमात 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण पळता न आल्याने जळून मेले. या दोहोंतून निवडायचे असेल तर मी उनावा निवडतो, कुरकुरत का होईना.

बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कन्हेरीच्या मारुतीच्याच तालुक्यात. पंचक्रोशीतल्या ज्या देवऋषीला आपल्या हातून काही वाईट घडल्याचा सल खरोखरच असेल, त्याने अंगारा लावावा, लिंबू उतरवावे, ‘कोण आहेस’ हेही विचारावे. आणि उत्तर ऐकून झाल्यावर त्या बाईला स्वतः सोबत घेऊन तिथल्या मानसोपचार विभागाच्या बाकावर तिच्या शेजारी बसावे. फोक घरी ठेवून यावे.