होडीतला तिसरा

लखनौत आमची मराठी म्हणजे घरातली आतली खोली. चौकातल्या गर्दीत, ई-रिक्षात, बँकेच्या रांगेत आम्ही नवरा-बायको तिचं दार लावून घेतो आणि हवं ते बोलतो. दुकानदार भाव चढवून सांगतोय, पाहुणे आता उठले तर बरं, असलं काहीही. परप्रांतात राहणाऱ्या बहुतेक जोडप्यांना ही सोय ठाऊक असेल.

नव्या लग्नात आम्ही भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला आणि तिथून चौलला, तिच्या माहेरी जायचो. अख्खी लाँच मराठी, त्यामुळे वाटेत एकमेकांशी फार बोलता येत नसे. नुसतं पाण्याकडे पाहायचं. आता कुडिया घाटावरून गोमतीत होडी घेतो. इथं भरती नाही, खारा वास नाही. २०१६च्या कायद्यानं देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरवले. त्यांत रेवसच्या बाजूची अंबा आहे आणि ही गोमतीही. कागदावर का होईना, माहेर-सासर एका यादीत आलं, असं ती म्हणते. गोमतीवर मात्र मनसोक्त बोलता येतं, कारण होडीत आम्ही दोघंच असतो.

दोघंच म्हणजे, वल्हं मारणारा असतोच. तो मोजला जात नाही.

गेल्या हिवाळ्यात तिच्या वडिलांवरून वाद निघाला. ते चौलला एकटे. त्यांना इकडे आणावं असं तिचं म्हणणं. मी जागा, खर्च, इथली थंडी असं एकेक पुढे करत होतो. शेवटी म्हणालो, "अजून वर्षं तरी किती राहिलीत त्यांची?"

ती गप्प झाली. वल्हंही थांबलं. "साहेब, मराठी समजते मला," मल्लाह म्हणाला. "बारा वर्षं भाऊच्या धक्क्याला होतो. लाँचवर खलाशी." सुरात तक्रार नव्हती. पुढचं ऐकण्याआधी सांगून टाकावं, एवढंच.

उत्तर प्रदेशातली निम्मी गावं मुंबईत राबून आलेली. पुष्पक एक्स्प्रेस रोज भरून जाते, भरून येते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या माणसाच्या बाबतीत ते माझ्या डोक्यात आलंच नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण नंतर जे टोचत राहिलं ते वेगळंच. ते वाक्य एका माणसानं आधीच ऐकलं होतं, आणि ज्यांच्याविषयी होतं ती तिचीच व्यक्ती होती. तिच्यासमोर मला लाज वाटली नव्हती. अनोळखी माणसासमोर वाटली. आपण म्हणतो, नवरा-बायकोत पडदा कसला? खरंय, जिथं सांभाळून बोलावं लागत नाही तेच घर. पण ज्याच्यासमोर लाज वाटत नाही त्याला आपण जवळचं धरलेलं असतं, की तोही मोजायचा राहून गेलेला असतो? वल्हं मारणाऱ्याला मी मोजलं नाही, ते परका म्हणून. तिला मोजलं नाही, ते आपली म्हणून. होडीत मोजला गेलेला असा मी एकटाच होतो.

या मुलखात होडी म्हटली की केवट आठवतोच. तुलसीदासांच्या रामचरितमानसात गंगा उतरल्यावर रामाला संकोच होतो, याला द्यायला आपल्याकडे काही नाही. तो बोलून दाखवत नाही. सीता ओळखते आणि अंगठी काढते. केवट ती घेत नाही. कथेकरी या प्रसंगात केवटाच्या भक्तीवर रंगतात. मला आता त्याआधीचा क्षण मोठा वाटतो. तिथं पतीच्या मनातला संकोच पत्नीला कळतो, आणि तो संकोच होडीवाल्याविषयीचा असतो. कोणीच मोजायचं राहिलेलं नसतं.

आमच्या होडीत तिनंच शांतता मोडली. "मग रेवसला जायचात?" तिनं मराठीतच विचारलं. "जायचो ना. ओहोटीला गाळात लाँच अडकायची, पब्लिक शिव्या द्यायची," तो हसला. मग दोघं भाऊच्या धक्क्यावरच्या मासळीबद्दल, पावसात बंद पडणाऱ्या फेऱ्यांबद्दल बोलत राहिली. मी पाण्याकडे पाहत होतो.

घाटावर उतरल्यावर ठरलेले पैसे दिले. आणखी एक नोट काढायला हात खिशात गेला, तेव्हा तिनं माझं मनगट धरलं.