कोणता थर खरा?

मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात झाडांच्या सावलीत एक हिरवा लाकडी बंगला आहे. रुडयार्ड किपलिंग 30 डिसेंबर 1865 रोजी येथे जन्मला, असे तिथली पाटी सांगते. जागा तीच आहे, घर मात्र ते नव्हे. किपलिंग जन्मला ते घर पाडले गेले आणि आजचा बंगला त्यानंतर उभा राहिला. तरीही लोक येतात, तो हिरवा रंग बघतात आणि समाधानाने परततात.

असे घर पुन्हा रंगवायचे झाले तर कोणता रंग द्यावा? जाणकार माणसे आधी भिंतीचा किंवा लाकडाचा एखादा कोपरा पायरी-पायरीने खरवडतात. प्रत्येक पायरीवर एकेका पिढीचा रंग उघडा पडतो. मग मोह होतो तो सर्वांत खालच्या थराचा, कारण तो ‘मूळ’ असतो. पण त्या काळच्या तैलरंगात बहुधा शिसे असे. ते विष आज कोणी वापरणार नाही. म्हणजे मूळ रंग दिला, तरी तो मूळ रंगासारखा दिसणारा आजचाच रंग असणार. शिवाय वरचे थर खोटे होते का? दर पावसाळ्यानंतर कुणीतरी शिडीवर चढले, म्हणून तर खालचे लाकूड टिकले.

आपल्याकडे हा प्रश्न ग्रंथाच्या बाबतीत फार पूर्वीच उभा राहिला. ज्ञानेश्वरी 1290 सालची. तिच्या प्रतींमध्ये पाठभेद शिरले होते. एकनाथांनी त्या ताडून शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, पाठ शुद्ध केला. पुढे राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली आणि वाद पुन्हा पेटला. एकनाथांनी केले ते खरवडणे होते की नवा हात देणे? मला वाटते, दोन्ही. पण आपण पाठ शुद्ध केला, हे त्यांनी शेवटी साल घालून लिहून ठेवले. त्यामुळेच तर आज आपण वाद घालू शकतो.

मी तसे केले नव्हते. काही वर्षांपूर्वी एका प्रकाशकाने एका दिवंगत अनुवादकाचे पुस्तक नव्या आवृत्तीसाठी ‘जरा उजळून’ मागितले. भाषा जुनी झाली होती, काही वाक्ये अडखळत होती. मी ती सरळ केली, दोन-तीन ठिकाणी चुका दुरुस्त केल्या. मुखपृष्ठावर नाव त्यांचेच राहिले. पुढे त्यांच्या मुलीने एका वाक्यावर बोट ठेवून विचारले, “हे बाबांचे का?” मला सांगता आले नाही. मी बदलांची यादी ठेवली नव्हती, खुणा केलेली प्रतही रद्दीत गेली होती. वाक्य सुंदर होते, हे आणखी वाईट.

त्या दिवसापासून मला वाटते की रंगवणे हा अपराध नाही. न रंगवणे हाच कित्येकदा अपराध असतो, कारण उघडे लाकूड कुजते. अपराध आहे तो खुणा पुसण्याचा. म्हणून चांगला संवर्धक दाराआडचा एखादा वीतभर तुकडा न रंगवता सोडतो, सगळे थर दिसतील असा. पुढच्याला चूक काढता यावी, एवढ्यासाठी.

मी राहते त्या गाझियाबादचे नाव 1740 मध्ये गाझीउद्दीननगर होते. रेल्वे आल्यावर ते आखूड झाले. इथल्या शाही दरवाजालाही आता जवाहर गेट म्हणतात. त्याची मला तक्रार नाही. आधीचे नाव अजून सांगता येते, तोवर दरवाजा शाबूत आहे. त्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत एक टीप घालावी, असे मी प्रकाशकाला लिहिले आहे. वाक्य कोणाचे ते आता कळणार नाही. निदान हात फिरला आहे, एवढे तरी कळेल.