नित्यकर्म आणि संमति

नीतिशास्त्रावरील ग्रंथ कोणत्याही भाषेंतील पाहिले, तरी त्यांतील उदाहरणें बहुधा मोठ्या प्रसंगांचीं असतात. राज्य सोडावें कीं वचन मोडावें, स्वकीयांशीं युद्ध करावें कीं शस्त्र खालीं ठेवावें, अशा पेंचांत माणूस सांपडला म्हणजे मगच त्याच्या नीतीची परीक्षा होते, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. परंतु शंभरांतील नव्याण्णव माणसांच्या आयुष्यांत हरिश्चंद्राचा किंवा अर्जुनाचा प्रसंग कधींच येत नाहीं. त्यांच्या वांट्यास येते ती कोणती तरी सभा, तिची विषयपत्रिका आणि ‘मागील सभेचें इतिवृत्त वाचून कायम करणें’ हा तिच्यावरील पहिला विषय. अशा सभेंत हात वर करणाऱ्या, किंवा हातही वर न करतां नुसतें बसून राहणाऱ्या माणसावर नैतिक जबाबदारी कितपत येते, या प्रश्नाचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

या विचारासाठीं अमेरिकेंतील काउंटीचें उदाहरण आम्हांस विशेष सोयीचें वाटतें. काउंटी म्हणजे स्थूलमानानें आपला जिल्हा. मात्र तिचा कारभार बहुतेक ठिकाणीं लोकांनीं निवडलेल्या एका लहानशा मंडळाच्या हातीं असतो. त्या देशांत अशा काउंट्या तीन हजारांहून अधिक आहेत, आणि त्यांच्यांत विषमताही विलक्षण आहे. टेक्सस राज्यांतील लव्हिंग काउंटींत २०२० च्या शिरगणतीच्या वेळीं अवघीं ६४ माणसें भरलीं. उलट कॅलिफोर्नियांतील लॉस एंजेलिस काउंटीची लोकसंख्या त्याच शिरगणतींत एक कोटीच्या वर गेली. या एक कोटी लोकांचा कारभार आजवर पांच सभासदांचें मंडळ पाहत आलें आहे. पुढें ही संख्या नऊ करावी, असा कौल तेथील मतदारांनीं २०२४ सालीं दिला.

मंडळ लहान असो वा मोठें, त्याचें काम मात्र एकाच जातीचें. रस्त्यांची दुरुस्ती, पुलांचे व मोऱ्यांचे ठेके, तुरुंगांतील कैद्यांचें अन्न, दवाखाने, निवडणुकांची व्यवस्था, ग्रंथालयें, निराश्रितांस मदत, कोणा समितीवर कोणाची नेमणूक, कोणाच्या नुकसानभरपाईचा दावा! फ्रेंच पंडित तोकव्हील १८३१ सालीं अमेरिकेंत गेला, तेव्हां न्यू इंग्लंडमधील गांवसभा पाहून तो हरखून गेला. काउंटी मात्र त्यास केवळ कारभाराची एक सोय वाटली. त्याचें तें मत आजही फारसें खोटें ठरणार नाहीं. काउंटी-मंडळाच्या सभेंत वक्तृत्वाला वाव नाहीं, टाळ्यांना कारण नाहीं, आणि बहुतेक वेळां प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर प्रेक्षकही नाहींत. ज्यांचें कांहीं अडलें आहे ते येतात, आपलें गाऱ्हाणें सांगतात आणि निघून जातात.

आपल्या शास्त्रकारांनीं कर्माचे नित्य, नैमित्तिक व काम्य असे जे भेद केले आहेत, ते या ठिकाणीं आम्हांस फार उपयोगीं वाटतात. काम्य कर्म फळाच्या इच्छेनें करावयाचें. नैमित्तिक कर्म निमित्त घडलें म्हणजे करावयाचें. नित्यकर्माची गोष्ट मात्र निराळी. तें केल्यानें विशेष पुण्य पदरीं पडत नाहीं, पण न केल्यानें प्रत्यवाय घडतो, असें मत प्रसिद्ध आहे. काउंटी-मंडळाचें दैनंदिन काम हें या अर्थानें शुद्ध नित्यकर्म होय. मोरी वेळेवर साफ झाली म्हणून कोणी सभासदाच्या गळ्यांत हार घालीत नाहीं. पण ती तुंबली, कीं पावसाळ्यांत घरें पाण्याखालीं जातात. ज्या कामाचें यश कोणास दिसत नाहीं आणि अपयश मात्र सर्वांस भोगावें लागतें, असें काम निष्ठेनें करावयास निराळ्या प्रकारचा माणूस लागतो.

या नित्यकर्माची उंची कोठपर्यंत जाऊं शकते, याचें एक उदाहरण लॉस एंजेलिस काउंटींतच आहे. तेथें जीं माणसें मरतात आणि ज्यांच्या देहाचा ताबा घेण्यास कोणीही पुढें येत नाहीं, त्यांची उत्तरक्रिया काउंटी स्वतःच्या खर्चानें करते. ही प्रथा १८९६ पासून चालत आली आहे. रक्षा सुमारें तीन वर्षें जपून ठेवतात; न जाणों, एखादा आप्त उशिरां येईल! त्यानंतर, बहुधा डिसेंबरांत, त्या वर्षाच्या सर्व रक्षा एकाच थडग्यांत ठेवितात, त्यावर केवळ वर्ष कोरितात, आणि निरनिराळ्या धर्मांचे उपाध्याय एकत्र येऊन प्रार्थना म्हणतात. एका एका वर्षीं अशा मृतांची संख्या दीड हजारांच्याही वर जाते. आपल्याकडील तर्पणविधींत ज्यांना पाणी देणारें कोणी उरलें नाहीं, त्यांनाही उदक देण्याची योजना आहे. ती आठवल्यावांचून राहत नाहीं. हे मृत मत देणार नाहींत, आभार मानणार नाहींत, आणि हें काम न झालें तर तक्रारही करणार नाहींत. तरीही अंदाजपत्रकांतील एका रुक्ष रकमेमुळें तें दरसाल होतें. नित्यकर्म हें हलकें कर्म आहे, असें ज्यास वाटत असेल, त्यानें या एका रकमेकडे पाहावें.

परंतु नित्यकर्माला एक रोगही जडलेला आहे. रोज म्हणावयाची संध्या जशी ओठांवर राहते आणि मन बाजारांत हिंडूं लागतें, तशीच सभेचीही गत होते. विषयपत्रिकेवर शंभर-शंभर विषय असले म्हणजे प्रत्येकावर चर्चा करणें अशक्य. म्हणून अमेरिकेंतील मंडळांनीं एक सोय काढली आहे. ज्या विषयांवर मतभेद होण्याचा संभव नाहीं, त्यांची एक निराळी ‘संमतीची यादी’ करितात. अध्यक्ष ती यादी पुढें ठेवितो, एकजण सूचना करतो, दुसरा अनुमोदन देतो, आणि चाळीस-पन्नास ठराव एका दमांत मंजूर होतात. एखादा विषय यादींतून बाहेर काढून त्यावर स्वतंत्र चर्चा करावी, असें कोणाही सभासदास म्हणतां येतें. पण असें म्हणणारा माणूस सहकाऱ्यांना फारसा प्रिय होत नाहीं, हें सांगावयास नकोच.

या पद्धतीस कोणी सरसकट दोष देईल, तर तो न्याय होणार नाहीं. प्रत्येक सभासदानें प्रत्येक बिलावर शंका काढावयाची ठरविली, तर ठेकेदाराचे पैसे अडतील, मोरी तुंबलेलीच राहील, आणि विधवेच्या मदतीचा अर्ज पुढच्या सभेवर जाईल. शिवाय, अधिकाऱ्यांवर विश्वास टाकल्यावांचून कोणतेंच राज्य चालत नाहीं. जो प्रत्येकावर संशय घेतो, तो प्रामाणिक माणसांना पळवून लावतो आणि लबाडांना अधिक सावध करतो. विश्वास हाही एक सद्‌गुण आहे, आणि संमतीची यादी हें त्या सद्‌गुणाचेंच एक रूप आहे, असें तिच्या वतीनें म्हणतां येईल. हा युक्तिवाद दुबळा नाहीं. आतां तो कोठें अपुरा पडतो, तें पाहूं.

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेस ऑरेंज नांवाची काउंटी आहे. ती संपन्न आहे आणि तिचेंही मंडळ पांच जणांचेंच आहे. तिचा खजिनदार रॉबर्ट सिट्रन हा लोकांनींच निवडलेला अधिकारी असून तो १९७० नंतर सतत निवडून येत होता. काउंटीचा, आणि तिच्याबरोबर अनेक शहरांचा व शाळामंडळांचा मिळून साडेसात अब्ज डॉलरांच्या आसपास पैसा त्याच्या हातीं होता. तो तारण ठेवून त्यानें आणखी कर्ज काढलें आणि सुमारें वीस अब्जांचे व्यवहार केले. व्याजाचे दर चढणार नाहींत, हा त्या साऱ्याचा पाया. वर्षानुवर्षें तो पाया टिकला. काउंटीला भरघोस व्याज मिळालें. कर न वाढवितां खर्च भागले. सारे प्रसन्न होते. १९९४ च्या निवडणुकींत त्याच्या प्रतिस्पर्ध्यानें या धोक्याची सूचना जाहीरपणें दिली. पण मतदारांनीं जूनमध्यें सिट्रनलाच पुन्हा निवडून दिलें. व्याजाचे दर मात्र त्या फेब्रुवारीपासूनच चढूं लागले होते. सुमारें एक अब्ज साठ कोटी डॉलर बुडाले, आणि ६ डिसेंबर १९९४ रोजीं काउंटीनें दिवाळें जाहीर केलें. अमेरिकेंतील स्थानिक संस्थांच्या इतिहासांत तोंवर एवढें मोठें दिवाळें निघालें नव्हतें. नोकऱ्या गेल्या, आणि गरिबांसाठीं चालणाऱ्या सेवांना कात्री लागली.

या गोष्टींतील नैतिक मर्म असें, कीं येथें शोधूनही खलपुरुष सांपडत नाहीं. खजिनदारानें पुढें न्यायालयांत गुन्हे कबूल केले हें खरें. पण त्यानें स्वतःच्या खिशांत पैसा घातला नव्हता. मंडळाचे सभासदही चोर नव्हते. कर्जाच्या रोख्यांचे ठराव त्यांच्यापुढें आले, अधिकाऱ्यांनीं व सल्लागारांनीं ते तयार केले होते, आणि नित्याच्या कामकाजांत ते मंजूर झाले. रोखेबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या मध्यवर्ती आयोगानें जानेवारी १९९६ मध्यें या सभासदांच्या वर्तनावर एक स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. आम्ही तज्ज्ञांवर भिस्त ठेविली, एवढें म्हणणें पुरेसें नाहीं. ज्या गोष्टी तुम्हांस ठाऊक होत्या त्यांवरून तुमच्या मनांत प्रश्न उभा राहावयास हवा होता, आणि तो तुम्हीं विचारावयास हवा होता, असा त्याचा मथितार्थ होता.

विश्वास आणि बेफिकिरी यांतील सीमारेषा येथेंच आहे, असें आम्हांस वाटतें. दोहोंचें बाह्य रूप एकच असतें, आणि तें म्हणजे मौन. पण विश्वासाच्या मौनामागें केव्हां तरी विचारलेला प्रश्न आणि त्याचें मिळालेलें समाधानकारक उत्तर असतें. बेफिकिरीच्या मौनामागें कांहींच नसतें. मुनिमावर पूर्ण विश्वास टाकणारा व्यापारीही अधूनमधून खातेवहीचें एखादें पान उलटतो, आणि त्यांत मुनिमाचा अपमान होत नाहीं. जो पाडव्याला वहीची पूजा करतो पण ती कधींच उघडीत नाहीं, त्याची भक्ति मोठी असेल. त्यास व्यापारी म्हणतां येणार नाहीं.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. तोटा होऊं लागला म्हणजे प्रश्न विचारण्यास फारसें धैर्य लागत नाहीं. सारेच विचारूं लागतात. खरें धैर्य लागतें तें लाभ होत असतांना. कर न वाढतां तिजोरी भरत असेल, तर ‘हा पैसा येतो कोठून?’ असें विचारणारा सभासद अरसिक ठरतो. म्हणून आमच्या मतें नित्यकर्माच्या नीतीचा पहिला नियम असा सांगतां येईल: प्रत्येक विषयावर बोलण्याचें बंधन कोणावर नाहीं, पण यादींतील कोणताही विषय बाहेर काढण्याचा आपला अधिकार जिवंत ठेवण्याचें बंधन प्रत्येकावर आहे. आणि जो अधिकार वर्षांतून एकदांही वापरला जात नाहीं, तो जिवंत आहे असें म्हणतां येत नाहीं.

हें बंधन सभासदांवरच आहे, असेंही नाहीं. कॅलिफोर्नियांत १९५३ सालीं एक कायदा झाला. त्याच्या आदल्या वर्षीं सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्रानें स्थानिक मंडळांच्या बंद दारांआडच्या सभांवर लेखमाला लिहिली होती. तिच्यांतून या कायद्याची प्रेरणा मिळाली. आतां तेथें नियमित सभेची विषयपत्रिका बहात्तर तास आधीं सर्वांस दिसेल अशी लावावी लागते, आणि नागरिकांस बोलूं द्यावें लागतें. ऑरेंज काउंटीला हाच कायदा लागू होता. दार उघडें होतें, प्रतिस्पर्धी उमेदवारानें बोट दाखवून सांगितलें होतें, तरी लोकांनीं जुनाच खजिनदार निवडला. आणि दिवाळें निघाल्यावर, जून १९९५ मध्यें, तूट भरण्यासाठीं विक्रीकर अर्ध्या टक्क्यानें वाढविण्याची सूचना त्याच मतदारांनीं फेटाळून लावली. लाभ घेतांना त्यांनीं प्रश्न विचारला नाहीं, आणि हानि सोसण्याची वेळ येतांच त्यांना वाटलें कीं हें पाप आपलें नव्हे. कायद्यानें दार उघडतां येतें. आंत जाऊन बसण्याची इच्छा उत्पन्न करतां येत नाहीं.

आमच्या वाचकांस हें सारें दूरदेशींचें वाटूं नये. मुंबई इलाख्यांत १८८४ च्या कायद्यानें लोकल बोर्डें आलीं, आणि महाराष्ट्रांत १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. त्यांच्या सभांचें रूप वर वर्णिलेल्या सभांहून फार निराळें नाहीं. पण तेथवर जाण्याचेंही कारण नाहीं. गांवचें वाचनालय, शाळेची समिति, सहकारी पतपेढी, आपण राहतों त्या इमारतीची सोसायटी, यांपैकीं एखाद्या संस्थेच्या वार्षिक सभेस आपण प्रत्येकजण जातों. जमाखर्च वाचला जातो, सूचक उभा राहतो, अनुमोदक उभा राहतो, आणि मागच्या रांगेंत चहाच्या कपांचा आवाज होऊं लागला, कीं ठराव सर्वानुमतें मंजूर झाल्याचें इतिवृत्तांत लिहिलें जातें. त्या ‘सर्वानुमतें’ या शब्दांत आपलें मत असतें. तें आपण दिलें, कीं तें आपल्याजवळून नुसतें गळून पडलें, एवढाच प्रश्न नीतिशास्त्र आपणांस विचारतें. त्याचें उत्तर देण्यास रणांगणावर जावें लागत नाहीं; पुढच्या सभेला जमाखर्च वाचून जावें, आणि न समजलेली एखादी रक्कम उभें राहून विचारावी, एवढें पुरे.