वजा घडणावळ

जुना दागिना मोडीत द्यायला नेला की सराफ आधी तो काट्यावर ठेवतो, मग कस बघतो. खडे वजा, आतली लाख वजा, घट वजा. घडणावळ हिशेबात येतच नाही. ती घेताना भरलेली असते, परत मिळण्याचा प्रश्नच नसतो. ज्याने चार दिवस शेगडीपुढे बसून फुंकणीने बारीक बारीक सांधे झाळले, त्याच्या कामाला दुसऱ्या दिवशीपासून मोल नाही. चित्राची किंमत रंगाच्या वजनावरून ठरवावी, तसला हा व्यवहार आहे. आणि तो आपल्याला मुळीच विचित्र वाटत नाही.

म्युनिकमध्ये काम करणाऱ्या ओटो क्युन्झली या स्विस कलावंताने १९८० साली या व्यवहाराचीच फिरकी घेतली. त्याने काळ्या रबराची एक बांगडी केली. तिला एका जागी फुगवटा आहे आणि त्यात सोन्याचा गोळा दडवलेला आहे. बघायचा तर रबर कापावं लागेल, आणि कापलं की बांगडी गेली. तिचं नाव ‘सोनं आंधळं करतं’. सोनं आहे, पण मिरवता येत नाही आणि कसोटीवर घासताही येत नाही. घालणारीने करणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा.

पुढे १९८५-८६मध्ये त्याने लोकांनी वापरलेल्या ४८ लग्नाच्या अंगठ्या जमवल्या आणि एकीत एक अडकवून त्यांची साखळी केली. सोनं अस्सल, तरी ती गळ्यात घालायला मन धजत नाही. कुणाचं लग्न मोडलं असेल, कुणी मागे उरलं असेल, कुणाला पैशांची नड असेल. आपल्याकडे तरी परक्या बाईचं मंगळसूत्र कोण घालील? पण त्याच्याच वाट्या मुशीत वितळल्या, तर त्या सोन्याच्या पाटल्या आपण बिनदिक्कत घालतो. मूस सोन्याला सगळं विसरायला लावते. क्युन्झलीने ती सोय तेवढी काढून घेतली.

यावरून ‘आपल्या लोकांना दागिन्यातली कला कळत नाही’ असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. जिच्या नावावर घर नाही, जमीन नाही, तिच्या अंगावरचं सोनं हीच तिची ठेव. अडीनडीला ते मोडता आलं पाहिजे, म्हणून ती ग्रॅम मोजते आणि बरोबर करते. जानेवारी १९६३मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंच्या सुवर्ण नियंत्रणाने १४ कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी घातली. १४ कॅरटचं सोनं कठीण, खडा घट्ट धरणारं. युरोप-अमेरिकेत त्यात उत्तम काम होतं. इथे ते कुणालाच नको होतं. असंख्य सोनारांची कामं गेली, काहींनी जीव दिला. गिऱ्हाईक दागिना घेत नव्हतं, ठेव घेत होतं, हे दिल्लीला उमगलं नाही.

या ठेवीचं व्याज मात्र कारागीर भरत आला. कोल्हापुरी साज हातात घेऊन पाहा: चंद्र, मासा, कासव, भुंगा, बेलपान, शंख, मध्ये जवमणी. पातळ पत्रा ठशावर ठोकायचा, दोन बाजू झाळायच्या, आत लाख भरायची. गळ्याएवढ्या जागेत एवढं जग मांडणारे हात कोणाचे, ते कुठेही लिहिलेलं नाही. २०२१पासून सक्तीच्या झालेल्या हॉलमार्कमध्ये आता तीन खुणा असतात: मानक ब्युरोचं चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा क्रमांक. सोन्याची ओळख पक्की झाली. झवेरी बाजारातल्या माळ्यावर बसलेला बंगाली कारागीर मात्र त्यात नाही.

ठेव आणि दागिना यांची फारकत झाल्याशिवाय कारागिराचा हात मोकळा होईल असं मला वाटत नाही. ठेव वळ्यात, नाण्यात ठेवावी. दागिना स्वस्त धातूत येऊ द्यावा. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डरने पितळेची नि चांदीची तार हातोडीने चेपून, वळवून, बहुधा झाळकाम न करता दागिने केले. फ्रेंच दागिनेकार रने लालिकने हिऱ्यांच्या पॅरिसात शिंग आणि काच वापरली.

असं साहित्य इथेही आहे. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत झिओलाइट आणि त्यांच्या सोबतीचे स्फटिक सापडतात. जळगाव-नाशिकहून ते जगभरच्या संग्राहकांच्या कपाटांत जातात. आपल्या दागिन्यांत ते जवळजवळ दिसतच नाहीत. कारणही आहे, ते मऊ असतात. अंगठीत महिनाभरात ओरखडतील. पण साडीच्या खांद्यावरच्या पिनेत टिकतील, तिथे हाताइतके ठोके बसत नाहीत. आचेने त्यांच्यातलं पाणी उडतं नि ते धुरकट होतात, म्हणून झाळकाम सगळं आधी, आणि कोंदणाच्या कडा अगदी शेवटी, थंडपणे दाबायच्या. दगडाच्या स्वभावाप्रमाणे दागिन्याचा घाट ठरवायचा, हे काम साच्यातून निघत नाही.

अशी पिन मोडीत नेली तर थोड्या चांदीचे पैसे येतील, दगडाचे काहीच नाही. घेणारीला हे आधी ठाऊक असावं. तिने पावतीवर घडवणाऱ्याचं नाव मागून घ्यावं. आणि भाव वजनावर का नाही, असं कुणी विचारलंच, तर कारागिराने खुशाल सांगावं की चांदी फुकट दिली आहे, पैसे घडणावळीचे.