घाण आपल्याच दारात साचली असती तर

भिवंडीतल्या एखाद्या नाल्याचं पाणी सकाळी किरमिजी आणि दुपारी निळं दिसलं, तर कुणी थांबून बघत नाही. यंत्रमागांचं शहर आहे. मागावर सूत तुटू नये म्हणून त्याला आधी खळ लावायची, कापड विणून झालं की रंगाईच्या आधी ती खळ धुऊन काढायची, मग रंग, मग पुन्हा धुणं. प्रक्रिया न करता सोडलेलं पाणी नाल्यातून कामवारी नदीत आणि तिथून खाडीत जातं.

हे पाणी साफ करायचा एक उपाय बंद टाकीत असतो, जिथे ऑक्सिजन पोचत नाही. कापडाच्या रंगांत ॲझो जातीचे रंग सर्वांत जास्त. त्यांच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधानं जोडलेले असतात, आणि रंग दिसतो तो मुख्यतः या जोडामुळे. ऑक्सिजन असला की बहुतेक जिवाणू या जोडाच्या वाटेला जात नाहीत. नसला की तो तुटतो. तोडायला इलेक्ट्रॉन लागतात, ते धुऊन आलेल्या खळीतला स्टार्च कुजताना मिळतात. एका घाणीनं दुसरी घाण फोडायची, असा मामला.

पाणी फिकं होतं आणि इथेच आपण फसतो. जोड तुटून उरतात ती ॲरोमॅटिक अमाइन्स: बिनरंगी, आणि त्यातली काही कर्करोगाला कारण ठरणारी. ती सहसा ऑक्सिजनशिवाय पुढे फुटत नाहीत. म्हणून नीट बांधलेल्या केंद्रात बंद टाकीनंतर हवा सोडलेली दुसरी टाकी असते. (नितळ पाणी म्हणजे स्वच्छ पाणी, हे मी शाळेपासून धरून चाललो होतो.)

बंद टाकीतलं काम कुणा एकाचं नसतं. गावाकडच्या गोबर गॅससारखंच: कुणी स्टार्चची साखर करतं, कुणी साखरेची आम्लं, कुणी आम्लांपासून हायड्रोजन, आणि शेवटचे मिथेन करतात. ही साखळी कशी चालते ते एका चुकीतून कळलं. मिथॅनोबॅसिलस ओमेलियान्स्की नावाचा जीव अल्कोहोलपासून मिथेन करतो, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. 1967 मध्ये मार्व्हिन ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो एक जीव नव्हताच, दोन होते. पहिला अल्कोहोल खाऊन हायड्रोजन टाकतो, दुसरा तो हायड्रोजन खातो. दुसरा नसेल तर हायड्रोजन साचतो आणि पहिल्याचं खाणंच अडतं.

याला सहकार्य म्हणतात. मला तो शब्द जरा जड वाटतो. त्या दोघांत कसलीही माया नाही, शिस्त नाही, 'जिवाणूंकडून शिका' असं फॉरवर्ड करण्यासारखंही काही नाही. मला अडवून धरते ती वेगळीच गोष्ट: आपली घाण उचलली गेली नाही तर पहिल्याला थांबावंच लागतं. नाल्याची सोय त्याला नाही.

आपल्याला आहे. रंगाईचं पाणी कारखान्याच्या आवारातच साचलं असतं, तर दुसऱ्या दिवशी काम बंद पडलं असतं आणि टाकी बांधायला कुणाला सांगावं लागलं नसतं. पाइप घाण दूर नेतो, तसाच थांबण्याचा इशाराही दूर नेतो. तो खाडीकाठच्या मासेमाराला जाळ्यात मिळतो, ज्यानं काहीच रंगवलेलं नाही.

मग मालक दोषी? त्याचंही ऐकावं लागतं. काम जॉबवर, नफा मीटरमागे पैशांत. त्यानं पाणी साफ करायचा खर्च दरात धरला की ऑर्डर शेजारच्या गल्लीत जाते. स्वस्त कापडाची ती ऑर्डर शेवटी आपल्याच कपाटापर्यंत येते, आणि आपण ते घेताना पाण्याचा दर विचारत नाही. तरीही मला वाटतं, पाइप ज्याच्या भिंतीतून निघतो त्याची जबाबदारी पहिली. बाकीच्यांची नंतर, पण आहे.

कारवाई झालीच तर बहुतेकदा एकच मार्ग दिसतो: बंद करा. टाकीतल्या जिवाणूंच्या गुठळ्या उपाशी राहिल्या तरी महिनोन्महिने तग धरतात. रोजावर रंगाच्या हौदाशी उभा राहणारा माणूस पंधरा दिवसांत गावाचं तिकीट काढतो.