कचऱ्याची ऊब

डेन्मार्कच्या पश्चिम भागात होल्स्टेब्रो नावाचं छोटं शहर आहे. तिथलं मोबियर्ग वीजकेंद्र १९९३ साली सुरू झालं. त्यात दोन बॉयलर घरोघरचा कचरा जाळायचे आणि तिसरा शेतातलं काड आणि लाकडाचे तुकडे. काडाचे अगडबंब गठ्ठे न सोडता एका टोकाकडून पेटवत आत सरकवायचे. इंजिनियर मंडळी याला ‘सिगार’ पद्धत म्हणतात.

पण काड आणि कचरा, दोन्हींच्या धुरात क्लोरीन असतं. वाफ फार तापवली तर ते नळ्या कुरतडून टाकतं. म्हणून वाफ साधारण ४१० अंश सेल्सिअसवर थांबवायची आणि मग वेगळ्या भट्टीत नैसर्गिक वायूच्या ज्योतीवर ५२० पर्यंत चढवायची, कारण जास्त गरम वाफेतून जास्त वीज मिळते.

मग ती वीज हिरवी की काळी? शेवटचे अंश गॅसचे. कचऱ्यातलं प्लॅस्टिक म्हणजे मुळात खनिज तेलच, भाजीची सालं मात्र याच हंगामातली. युरोपातले नियम त्यातला फक्त जैविक वाटा अक्षय ऊर्जेत धरतात. हा हिशेब मला मान्य आहे. भेसळ आहे म्हणून सगळंच नाकारणं सोपं असतं, पण हाच कचरा पुरला तर कुजून मिथेन सोडणार, आणि जाळला तर तिथल्या हिवाळ्यात लोकांची घरं गरम ठेवणार.

मला खुपतं ते वेगळंच. भट्टीला भूक असते. एवढा पैसा ओतून बांधलेली भट्टी रिकामी ठेवणं परवडत नाही. डेन्मार्कमध्ये भट्ट्या इतक्या झाल्या की त्यांना देशातला कचरा पुरेना, तो परदेशातून आणावा लागला. अखेर २०२० मध्ये तिथल्या राजकीय पक्षांनी कचरा जाळण्याची क्षमता सुमारे ३० टक्क्यांनी घटवायचं ठरवलं. दंडाच्या पावत्यांवर पगार ठरत असेल तर हवालदाराला शिस्तीची वाहतूक कशी परवडावी? जी गोष्ट कमी व्हावी असं आपण म्हणतो, तिच्यावरच आपली ऊब अवलंबून ठेवली, तर आपण ते म्हणणं किती दिवस टिकवू?

काडाचं एवढं अवघड नाही. माणूस धान्य पिकवतो ते खायला, काड मागाहून येतं. आणि गॅसबद्दल तर, विचित्र वाटेल, पण या तिघांत मला त्याचीच फसवणूक सर्वांत कमी वाटते. तो जाळताना आपण काही पुण्य करतोय असं कुणाला वाटत नाही. त्याचा कॉक बंद करायची वेळ आली तर वाद फक्त खर्चाचा होईल.