क्लबचा उंबरठा: शिष्टाचार आणि नीती

गोल्फ क्लबात बूट कुठे बदलावेत, याविषयी एक जुना आणि ठाम संकेत आहे. खेळाडूने गाडीतून उतरून थेट लॉकर रूममध्ये जावे, तिथे नेहमीचे बूट काढून खेळाचे बूट चढवावेत आणि खेळ संपल्यावर ते पुन्हा तिथेच उतरवावेत. गाडीच्या डिकीवर टेकून नाडी बांधणे जुन्या वळणाच्या क्लबात असभ्य समजले जाते. याच्या जोडीला आणखी काही संकेत येतात. चिखलाने भरलेले बूट दाराशी बसवलेल्या ब्रशवर घासूनच आत यावे, खिळ्यांचे बूट घालून जेवणाच्या दालनात जाऊ नये, छपराखाली येताच टोपी काढावी, बसायच्या बाकावर बूट ठेवू नयेत, ओला टॉवेल ठरलेल्या जागी टाकावा, दुसऱ्याच्या लॉकरसमोर पसारा मांडू नये. हे नियम क्षुल्लक दिसतात, पण नीतिशास्त्रातला एक जुना प्रश्न त्यांच्यापाशी येऊन थांबतो. शिष्टाचार हा नीतीचा भाग आहे, की एखाद्या गटाची केवळ सवय? आणि सवयच असेल, तर ती पाळण्याचे बंधन माणसावर कशामुळे येते?

या नियमांपैकी काहींचे कारण अगदी उघड आहे. गोल्फचा फटका मारताना शरीराला पीळ बसतो आणि पाय घसरला तर फटका वाया जातो. म्हणून तळाला खिळे ठोकलेले बूट वापरण्याची रीत स्कॉटलंडमध्ये एकोणिसाव्या शतकातच रूढ झाली होती. धातूच्या या खिळ्यांनी लाकडी जमीन खरवडली जाई आणि गालिचे फाटत. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पाय फरफटत चालले की गवताचे तंतू उपटून वर येत आणि मागून येणाऱ्याचा चेंडू त्यांना अडून वळत असे. २०१८ अखेरपर्यंत चेंडू ढकलण्याआधी आपल्या वाटेतले असे ओरखडे सपाट करण्याची मुभा खेळाडूला नव्हती. त्यामुळे पुढच्याच्या निष्काळजीपणाची किंमत मागच्याला मोजावी लागे आणि त्याला त्यावर इलाज नसे. १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनी ही दुरुस्ती करू दिली. त्याआधी, १९९० च्या दशकात, प्लॅस्टिकचे मऊ खिळे आले आणि असंख्य क्लबांनी धातूच्या खिळ्यांना मनाई केली. अशा नियमांना शिष्टाचार म्हटले तरी त्यांचा गाभा नीतीचाच आहे. आपल्या सोयीसाठी दुसऱ्याचे नुकसान करू नये, एवढेच ते सांगतात.

गाडीपाशी बूट बदलण्याला असलेली मनाई मात्र या प्रकारात बसत नाही. डांबरी जागेवर कुणी मोजे पालटले तर गवत उपटले जात नाही, गालिचा मळत नाही आणि कुणाचा चेंडूही वळत नाही. हा नियम नुकसान टाळत नाही, तो एक अर्थ व्यक्त करतो. पाहुणा आला आहे, त्याने यजमानाच्या घरात रीतसर प्रवेश केला आहे आणि ही जागा त्याला केवळ मैदानाची वाट वाटत नाही, असे तो सुचवतो. अभिवादन, आसन, पोशाख यांचे बहुतेक नियम याच जातीचे असतात. त्यांचे रूप देशागणिक बदलते. एके ठिकाणी आदर दाखवण्यासाठी टोपी काढतात, तर दुसरीकडे त्याच आदरापोटी डोके झाकतात. म्हणून खरा पेच या दुसऱ्या प्रकारातल्या नियमांचा आहे.

ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात या पेचाची नेमकी मांडणी केली आणि त्यासाठी दाखला निवडला तोही क्लबाचाच. क्लबचा सचिव एका सभासदाला सांगतो, की धूम्रपानाच्या खोलीत स्त्रियांना आणू नये. तो सभासद उद्याच राजीनामा देणार आहे आणि क्लबातल्या नावलौकिकाची त्याला पर्वा नाही, हे कळले तरी सचिव आपले म्हणणे मागे घेत नाही. म्हणजे ज्याला त्याची फिकीर नाही, त्यालाही शिष्टाचाराचा नियम लागू राहतो. नीतीचे नियमही असेच लागू राहतात. मग नीतीची आज्ञा प्रत्येकाला बांधते आणि शिष्टाचाराची तशी बांधत नाही, हे कशाच्या आधारावर म्हणायचे? नियम कुणाच्या इच्छेवर अवलंबून नसतो, एवढ्यावरून तो पाळण्याचे कारण प्रत्येकाजवळ असतेच असे सिद्ध होत नाही, असे फूट यांचे म्हणणे होते. त्यांचा रोख नीतीच्या निरपेक्ष अधिकाराच्या दाव्यावर होता. पण त्यांच्या दाखल्यातून आणखी एक गोष्ट दिसते. शिष्टाचार म्हणून सांगितला जाणारा तो नियम स्त्रियांना दाराबाहेर ठेवणारा होता. शिष्टाचाराला स्वतःचे असे बळ असते आणि ते बळ अन्यायाच्या बाजूनेही उभे राहू शकते.

नीतीला निरपेक्ष मानणाऱ्या ज्या जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या भूमिकेला फूट यांनी आव्हान दिले, तो स्वतः शिष्टाचाराला हलके लेखत नव्हता. आदबीच्या रीती म्हणजे व्यवहारातली हलकी नाणी, हे त्याला मान्य होते. त्यांत सोने नसते आणि ते नसते हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून त्यांनी कुणाची फसवणूकही होत नाही. तरीही ती चलनात असावीत असे त्याचे मत होते, कारण आदराचा आविर्भाव करता करता माणसाच्या ठायी खरा आदर रुजू शकतो. लॉकर रूममधल्या छोट्या सवयी या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. बेसिन पुसून ठेवणाऱ्याच्या मनात मागून येणाऱ्या अनोळखी माणसाचा विचार क्षणभर तरी येतो. तो विचार रोज येऊ लागला की स्वभावाचा भाग बनतो.

या प्रश्नाचा सर्वांत सखोल विचार प्राचीन चीनमध्ये झाला. कन्फ्यूशियसने ‘ली’, म्हणजे विधी आणि शिष्टाचार, यांना माणूस घडवण्याचे साधन मानले. मात्र अंतरी ‘रेन’, म्हणजे माणुसकी, नसेल तर ‘ली’ पोकळ आहे, हेही त्याने स्पष्ट केले. त्याच्या संवादांच्या संग्रहातले दोन प्रसंग इथे थेट लागू पडतात. पहिला टोपीचा. विधीनुसार टोपी तागाच्या कापडाची हवी होती, पण लोक रेशमाची वापरू लागले होते, कारण ती कमी खर्चात होई. कन्फ्यूशियसने हा बदल मान्य केला. राजापुढे वाकून नमस्कार मात्र दालनाच्या पायऱ्या चढण्यापूर्वी करायचा असे, आणि लोक वर चढून गेल्यावर तो करू लागले होते. त्यात त्याला उद्धटपणा दिसला आणि तिथे तो एकटा पडला तरी जुन्या रीतीला धरून राहिला. साधन बदलले तर बिघडत नाही, आदर उणावला तर बिघडते, हा त्यातला विवेक आहे. दुसरा प्रसंग मोठ्या मंदिरातला. तिथे गेल्यावर तो प्रत्येक गोष्ट विचारू लागला, तेव्हा याला विधी येतच नाही अशी टीका झाली. विचारणे हाच विधी आहे, असे त्याचे उत्तर होते. ज्या शिष्टाचारात नवख्याला निःसंकोच विचारता येते, तो जिवंत असतो. जिथे विचारणाऱ्याला हसले जाते, तिथे शिष्टाचाराच्या नावाखाली परक्याला हेरण्याचा सापळा लावलेला असतो.

गोल्फच्या इतिहासात हा सापळा लॉकर रूमच्या दारातच दिसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटन आणि अमेरिकेत पैशासाठी खेळणाऱ्या व्यावसायिकांना क्लबहाऊसमध्ये प्रवेश नसे. स्पर्धा त्यांच्या खेळावर चाले, पण कपडे आणि बूट बदलायचे ते बाहेर. १९२० साली इंग्लंडमधल्या डील इथे झालेल्या ओपन स्पर्धेत अमेरिकी खेळाडू वॉल्टर हेगन याने भाड्याची आलिशान मोटार क्लबहाऊससमोर उभी केली आणि तिचीच लॉकर रूम केली. गाडीत बूट बदलणे हा एरवी असभ्यपणा ठरला असता, पण तिथे तो स्वाभिमानाचा उच्चार होता. त्याच वर्षी अमेरिकेतल्या टोलेडो शहरात इन्व्हर्नेस क्लबने यूएस ओपनच्या वेळी व्यावसायिकांना क्लबहाऊस खुले केले. त्या आतिथ्याची आठवण म्हणून खेळाडूंनी क्लबला एक मोठे उभे घड्याळ भेट दिले. १९२३ साली स्कॉटलंडमधल्या ट्रून इथे झालेल्या ब्रिटनच्या ओपन स्पर्धेत हेगन दुसरा आला. आठवडाभर बंद असलेले दार केवळ बक्षीस समारंभापुरते उघडले, तेव्हा तो आत गेला नाही आणि प्रेक्षकांना घेऊन जवळच्या पबमध्ये गेला. शिष्टाचाराचा भंग कुणी केला, त्याने की दार बंद ठेवणाऱ्यांनी? उत्तर उघड आहे. आदर एकाच बाजूने वाहत असेल तर तो शिष्टाचार राहत नाही, ती केवळ ताबेदारी होते.

वर्णभेदाने ही गोष्ट आणखी विदारक केली. अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेत केवळ गोऱ्यांना सभासदत्व देणारे कलम १९३४ पासून १९६१ पर्यंत होते. दक्षिण आफ्रिकेत भारतीय वंशाचा पापवा सेवगोलम हा एके काळचा कॅडी १९६३ साली डर्बनमध्ये नाताल ओपन जिंकला. वर्णभेदाच्या कायद्यांमुळे त्याला क्लबहाऊसमध्ये पाऊल ठेवता येत नव्हते. गोरी मंडळी आत होती आणि विजेत्याने चषक बाहेर पावसात स्वीकारला. त्या क्लबात बूट कुठे बदलायचे, टोपी कुठे काढायची याचे सारे संकेत काटेकोर पाळले जात असतीलही. पण ज्या आदरासाठी ते संकेत असतात, तो दारातच नाकारला गेला होता. स्त्रियांसाठीची दारे याहून उशिरा उघडली. ऑगस्टा नॅशनल क्लबने पहिल्या महिला सभासदांना २०१२ मध्ये प्रवेश दिला आणि सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने तसा निर्णय २०१४ मध्ये घेतला.

मुंबईतला विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब १९१७ साली स्थापन झाला, तो युरोपीयांबरोबर भारतीयांनाही सभासदत्व देणारा क्लब म्हणून. शहरातल्या नामांकित क्लबांची दारे तेव्हा भारतीयांना बंद होती, हे लक्षात घेतले की त्याचे मोल कळते. त्याच क्लबात १९८८ साली चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांना अनवाणी असल्यामुळे प्रवेश नाकारला गेला. १९६४ साली कवी गजानन माधव मुक्तिबोध यांच्या अंत्ययात्रेत आपण चपला काढल्या आणि त्या पुन्हा घातल्या नाहीत, असे हुसेन सांगत. म्हणजे त्या दारात आदराच्या दोन खुणा समोरासमोर आल्या होत्या. क्लबच्या लेखी बूट घालणे हा जागेचा मान होता, आणि हुसेन यांच्या लेखी अनवाणी राहणे हा एका दिवंगत कवीचा मान होता. हुसेन यांना बाहेर ठेवण्यात वंश किंवा धर्म यांचा संबंध नव्हता, नियम सर्वांना सारखाच होता. तरीही कन्फ्यूशियसच्या कसोटीवर तो उणा पडतो, कारण त्याने टोपीचे कापड जपले आणि नमस्कार दुर्लक्षिला. नियमाचा हेतू आदर हाच असेल, तर समोरचा माणूस आदरापोटीच वेगळा वागत आहे हे पाहण्याची ताकद त्यात असायला हवी.

धर्मस्थळांच्या उंबरठ्यावरही हाच प्रश्न उभा असतो. मंदिर, मशीद आणि गुरुद्वारा इथे पादत्राणे बाहेर राहतात. जळणाऱ्या झुडपापाशी मोशेला पायांतले जोडे काढण्याची आज्ञा झाली, असे बायबल सांगते. जोडे उतरवताना माणूस आपली मिरवणूकही उतरवून ठेवतो आणि मोठ्या सत्तेपुढे सर्व जण सारखे होतात, हा त्या विधीचा अर्थ आहे. पण महाराष्ट्राला याची दुसरी बाजूही ठाऊक आहे. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९३० साली सत्याग्रह सुरू करावा लागला आणि पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली उपोषण केले. जोडे काढून उभ्या असलेल्यालाही आत घेतले जात नव्हते. प्रवेशाचा निकष आचरण नसून जन्म असेल, तर उंबरठ्यावरचा विधी त्याच्याच अर्थाविरुद्ध जातो.

लॉकर रूमच्या शिष्टाचाराला आणखी एक पदर आहे आणि तो सहज नजरेआड होतो. इथे माणसे कपडे उतरवतात. हुद्दा, पोशाख, गाडी यांचा आधार काही काळ सुटतो आणि शरीर उघडे पडते. म्हणून इथे टक लावून पाहू नये, फोनने छायाचित्रे काढू नयेत, कुणाच्या देहावर बोलू नये, हे संकेत प्रतिष्ठेच्या रक्षणाचे आहेत. त्याच खोलीत बूट पुसणारा, टॉवेल देणारा, जमीन कोरडी ठेवणारा कर्मचारीही असतो. सभासद एकमेकांशी अदबीने वागतात, कारण ते बरोबरीचे असतात. ज्याच्याकडून उलट उत्तर येण्याची भीती नाही, त्याच्याशी ते कसे बोलतात यावर त्यांच्या अदबीचा कस लागतो. त्याच्या नावाने हाक मारणे, चिखलाचे बूट त्याच्या पुढ्यात न भिरकावणे, कामाचा मोबदला आणि आभार दोन्ही देणे, हे कोणत्याही नियमपुस्तकात नसले तरी शिष्टाचाराचे सार तेच आहे.

गोल्फच्या अधिकृत नियमांनीही खेळ आणि शिष्टाचार यांतले अंतर कमी केले आहे. १७४४ साली स्कॉटलंडमधल्या लीथच्या खेळाडूंनी लिहिलेले सर्वांत जुने ज्ञात नियम तेरा होते आणि ते केवळ खेळाविषयी होते. पुढे शिष्टाचाराचे वेगळे प्रकरण जोडले गेले. २०१९ च्या सुधारणेत ते प्रकरण गेले आणि पहिल्याच नियमात खेळाडूच्या वर्तनाची अपेक्षा आली. सचोटीने खेळावे, इतरांचा विचार करावा, मैदानाची काळजी घ्यावी, अशी ती आहे. ज्या खेळात बहुतेक वेळा पंच सोबत नसतो आणि खेळाडूला स्वतःचा दंड स्वतःच सांगावा लागतो, तिथे वर्तन आणि खेळ वेगळे करणे तसेही अवघड होते.

या सर्वांतून शिष्टाचाराच्या कोणत्याही नियमाला लावता येतील अशा चार कसोट्या निघतात. तो दुसऱ्याचे नुकसान टाळतो किंवा दुसऱ्याविषयीचा आदर व्यक्त करतो का? तो यजमानाला आणि पाहुण्याला, सभासदाला आणि नोकराला सारखाच बांधतो का? नवख्याला तो विचारून शिकता येतो का, की तो जन्माने, वर्णाने किंवा लिंगानेच लाभतो? आणि आदराचे रूप बदललेले दिसले, तर तो आदर ओळखून वाट देतो का? या चारही प्रश्नांना होकार मिळत असेल, तर बूट कुठे बदलावेत यासारखा साधा नियमही नीतीचा भाग ठरतो आणि तो मनापासून पाळावा. उत्तर नकारार्थी असेल, तर तो नियम कितीही जुना आणि डौलदार असला, तरी बदलणे हेच त्या क्लबचे कर्तव्य ठरते.